फ्रिज नको, गाडी आणा : गाडीतला फ्रिज मध्येच बंद का पडतो

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की दुकानात रोज एक तरी ग्राहक फ्रिज उचलून घेऊन येतो. तक्रार ठरलेली: "भो, बॅटरी फुल शे, तरी बी फ्रिज बंद पडस." आम्ही तो टेबलावर आमच्या बॅटरीला लावतो. तासाभरात तापमानाचा आकडा शून्याकडे सरकतो, ग्राहक खूश होऊन जातो, आणि त्याच रात्री फ्रिज गाडीत पुन्हा बंद. मग फ्रिज खराब, नाहीतर बॅटरी डुप्लिकेट, नाहीतर आम्ही लबाड! हे पत्रक त्यासाठी.

असे जे फ्रिज आमच्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांना काहीच झालेलं नसतं. दोष असतो बॅटरी आणि फ्रिज यांच्यामधल्या वायरीत. ती वायर गाडीतच राहते, म्हणून नुसता फ्रिज आणून उपयोग नाही.

कंपनीने दिलेली लायटर सॉकेटची वायर मोबाइल चार्ज करायला किंवा टायरमध्ये हवा भरायला ठीक. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालताना ४ ते ५ अँपिअर ओढतो, आणि तोही तासन् तास. बोनेटपासून डिकीपर्यंत चासीच्या कडेने वायर ५ मीटर धरा. जाऊन-येऊन १० मीटर. ती १ एमएमची (म्हणजे आतल्या तारेचा छेद १ चौरस मिलिमीटर) असली तर ५ अँपिअरला वाटेतच जवळजवळ ०.९ व्होल्ट खाते. सॉकेटचा सैल कॉन्टॅक्ट आणखी थोडं खातो. तीच वायर ६ एमएमची, अस्सल तांब्याची असेल तर नुकसान ०.१५ व्होल्टच्या आत राहतं.

एक व्होल्टने काय बिघडतं, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. फ्रिजमध्ये बॅटरी वाचवणारा कट-ऑफ असतो. बऱ्याच मॉडेलमध्ये हाय, मीडियम, लो अशा तीन पायऱ्या. हायवर तो ११ व्होल्टच्या आसपास फ्रिज बंद करतो. लेड-अॅसिड बॅटरी निम्मी उतरल्यावरही १२.१ व्होल्टच्या आसपास दाखवते, म्हणजे अजून दम आहे. पण वायरीतला एक व्होल्ट वजा झाला की फ्रिजला दिसतात ११. तो बंद होतो. बंद होताच करंट थांबतो, व्होल्टेज परत वर चढतं, थोड्या वेळाने फ्रिज चालू होतो आणि पुन्हा बंद पडतो. रात्रभर हाच खेळ, सकाळी आतलं दूध नासलेलं.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक आता सांगतो. बरेच जण, कधीकधी गावातला इलेक्ट्रिशियनसुद्धा, फ्रिज बंद पडल्यावर प्लगच्या टोकाला मीटर लावतात, १२.५ दिसतं, आणि म्हणतात व्होल्टेज बरोबर आहे. कॉम्प्रेसर बंद असताना वायरीत करंटच नसतो, मग व्होल्टेज पडणार कुठून? केळीच्या शेतात ठिबक आहे त्यांना हे लगेच कळेल: व्हॉल्व्ह बंद असताना नळीभर प्रेशर सारखंच, पाणी वाहायला लागलं की शेवटच्या ड्रिपरपर्यंत किती पोचतं ते खरं. म्हणून कॉम्प्रेसर घुमत असतानाच मोजा. आधी बॅटरीच्या टर्मिनलवर, लगेच फ्रिजच्या टोकाला. फरक अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर फ्रिज आणू नका, गाडी आणा.

काही जण यावर स्वतःच उपाय काढतात: कट-ऑफ लोवर टाकतात. फ्रिज चालतो, पण इंजिनाच्याच बॅटरीवर असेल तर सकाळी गाडी उठत नाही. तोरणमाळला मुक्काम असेल तर धक्का मारायला माणसं शोधा. इंजिनाच्या बॅटरीवर फ्रिज असेल तर सेटिंग हायच ठेवा. वेगळी लिथियम बॅटरी असेल तर लो चालतं, कारण तिच्यातलं बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, तिला जपतं.

आमच्या बिलात वायर वेगळी लावलेली असते, यावर घासाघीस होतेच. बाजारात तशीच दिसणारी वायर बऱ्याच कमी भावात मिळते, हे खरं आहे. तिच्यात बहुधा अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे ६ एमएम म्हणून घेतलेली वायर ४ एमएमचंच काम करते. टोक चाकूने खरवडून बघा, पांढरं दिसलं की समजा. आम्ही प्लस आणि मायनस दोन्ही वायरी थेट बॅटरीपर्यंत नेतो. मायनस बॉडीला ठोकून मोकळे होत नाही, कारण जुन्या पिकअपच्या गंजक्या बोल्टवर भरवसा नसतो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, वायरीच्या टोकाचे लग (धातूच्या टोप्या) दाबून बसवलेले, पिळून टेप मारलेले नाहीत. लायटर सॉकेटची एक्स्टेन्शन वायर आम्ही विकत नाही. मागू नका.

सोलरचं थोडक्यात. १०० वॉटचं पॅनल दिवसभर १०० वॉट देत नाही. छतावर आडवं, धुळीने माखलेलं आणि मेच्या उन्हात ६५ अंशांपर्यंत तापलेलं पॅनल दिवसाला ४०० वॉट-अवर देत असेल तर उत्तम. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेला ४० लिटरच्या फ्रिजला तेवढं पुरतं. पण जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर गेला की तोच फ्रिज ६०० ते ७०० वॉट-अवर मागतो. कुल्फी, मासे किंवा जनावरांच्या लसी नेणाऱ्यांना आम्ही २०० वॉटचं पॅनल आणि १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरीच सांगतो. हे महाग विकायचं म्हणून नाही. ही बॅटरी साधारण १२८० वॉट-अवरची असते आणि जवळजवळ सगळी वापरता येते. त्याच आकड्याची लेड-अॅसिड निम्मीच वापरावी.

गाडी निंबाखाली लावली तर फ्रिजला बरं, पॅनलचं मात्र वाटोळं; एका फांदीची सावलीसुद्धा बरीच वीज खाते. घडीचं पॅनल बाहेर उन्हात मांडा, पण कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीला बेताने भरणारा डबा) बॅटरीजवळ ठेवा. वायर लांबवायचीच असेल तर पॅनल ते कंट्रोलर या बाजूला लांबवा. तिथे व्होल्टेज जास्त असतं, त्यामुळे तेवढं नुकसान चालून जातं.

गाडी बीएस-६ असेल तर चालत्या गाडीवर दुसरी बॅटरी साध्या रिलेने (दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या स्विचने) पूर्ण भरेलच असं नाही, कारण बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावरचं वीज बनवणारं यंत्र, स्वतःच व्होल्टेज खाली आणतो. तिथे व्होल्टेज वाढवून बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर लागतो. घरच्या इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी सीटमागे ठेवणाऱ्यांना हात जोडून विनंती: अॅसिड सांडतं, गॅस सुटतो, ती काढा.

आणि फुकटचा सल्ला: निघण्याच्या आदल्या रात्री फ्रिज घरच्या विजेवर गार करा, सामानही गारच भरा, जाळीसमोर चार बोटं जागा मोकळी सोडा. कोमटच्या कोमट भरलेल्या पाण्याच्या बाटल्या गार करण्यात बॅटरीचा मोठा वाटा जातो.

फ्रिज दुसरीकडून घेतलेला असला तरी तपासून देतो. तपासणीचे पैसे घेतो. काम आमच्याकडे केलं तर बिलातून वजा होतात. सकाळी लवकर या. दुपारी तापलेल्या गाडीखाली हात घालायला आमची पोरं तयार नसतात, आणि त्यांचं बरोबर आहे. डिकी रिकामी करून आणली तर वायर ओढायला निम्मा वेळ लागतो.