घोट्याची पट्टी, प्लास्टर आणि विमा: गोव्यात कोणता खर्च कुठून मिळतो

पाय मुरगळला, घोटा सुजला, इस्पितळात जाऊन एक्स-रे काढला, क्रेप बँडेज बांधून घरी आलो. या खर्चाचा दावा आरोग्य विम्यात बसतो का? बहुतेक पॉलिसींत नाही. पण त्याच घोट्याचे हाड सरकलेले असेल, भूल देऊन ते जागेवर बसवून प्लास्टर घातले असेल, तर बसतो, अगदी त्याच संध्याकाळी घरी सोडले तरी. पट्टी कशाची आहे यापेक्षा ती कुठे बांधली, कशासाठी बांधली आणि कागदावर काय लिहिले, यावर दाव्याचे भवितव्य ठरते. लोकांचा गोंधळ होतो तो इथेच, आणि इस्पितळाच्या काउंटरवर तो सोडवायला कुणाला सवड नसते.

खाजगी पॉलिसीपासून सुरुवात करू, कारण नकार सर्वांत जास्त तिथेच येतात.

साध्या पॉलिसीत पैसे मिळण्याचे दोन मार्ग आहेत. एक, किमान २४ तास दाखल होणे. दुसरा, डे-केअर, म्हणजे भूल देऊन केलेली आणि आधुनिक साधनांमुळे २४ तासांच्या आत उरकणारी प्रक्रिया. स्थानिक भूलही चालते. ओपीडीत, भूल न देता बांधलेली पट्टी किंवा घातलेले प्लास्टर या दोन्हींत मोडत नाही. त्यासाठी पॉलिसीत वेगळे ओपीडी कलम असावे लागते, आणि ते असले तरी त्याची वार्षिक मर्यादा बहुधा थोडीच असते.

यावर काही जण एक युक्ती काढतात: नुसती मुरगळ असताना रात्रभर दाखल व्हायचे. ती सहसा अंगाशी येते. प्रमाणित वगळणुकींत, म्हणजे कंपनी ज्यांचे पैसे देत नाही अशा ठरलेल्या बाबींच्या यादीत, ‘तपासणी आणि निदानासाठीच दाखल होणे’ ही चौथ्या क्रमांकाची आणि ‘विश्रांतीसाठी दाखल होणे’ ही पाचव्या क्रमांकाची वगळणूक आहे. केसपेपरवर एक्स-रे नॉर्मल, उपचारात बर्फ, पट्टी आणि वेदनाशामक गोळी एवढेच असेल, तर दाखल होण्याची गरज कंपनी विचारणारच.

आता पट्टीचेच बघू. विमा नियामक आयआरडीएआयने ज्यांचे पैसे वेगळे मिळत नाहीत अशा वस्तूंच्या चार याद्या केल्या आहेत. पहिल्या यादीत ६८ वस्तू आहेत, त्यांचे पैसे मूळ पॉलिसीत मिळतच नाहीत. क्रेप बँडेज त्यात आहे. स्प्लिंट, बेल्ट आणि ब्रेस, स्लिंग, बर्फाची पिशवी, कुबड्या-वॉकरसारखी चालण्याची साधने, मधुमेहींची पादत्राणे, हातमोजे हेही त्यातच. तिसऱ्या यादीचा प्रकार वेगळा: गॉज, कापूस, सुती बँडेज, चिकटपट्टी, एक्स-रेची फिल्म, टूर्निके (रक्तप्रवाह थांबवायला आवळून बांधतात तो पट्टा). या वस्तू प्रक्रियेच्या शुल्कातच धरलेल्या असतात, म्हणून इस्पितळाने त्या वेगळ्या लावायच्या नसतात. क्रेप बँडेज कापले गेले तर कंपनीशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण सुती बँडेज आणि टेप बिलात सुट्या ओळींत दिसले, तर बिल दुरुस्त करून द्या असे इस्पितळाला सांगायला हवे.

प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा फायबरग्लासचे प्लास्टर या याद्यांत नाही. दाखल किंवा डे-केअर उपचाराचा भाग असेल तर ते मिळते. फक्त बिलावर ‘ऑर्थो किट’ असे मोघम लिहून घेऊ नका. ‘तपशील नसलेले कोणतेही किट’ हीसुद्धा पहिल्या यादीतली एक नोंद आहे, आणि त्या एका शब्दापायी देय असलेले प्लास्टरही कापले जाते. ‘गुडघ्याखालील प्लास्टर, फायबरग्लास रोल ४ इंची, नग ३’ असे साहित्य सुटे लिहिलेले हवे. ‘कन्झ्युमेबल्स कव्हर’ नावाचे जोडकलम पॉलिसीत असेल तर पहिल्या यादीतल्याही बऱ्याच वस्तू मिळतात. नूतनीकरणाच्या वेळी ते घेता येते, अपघात झाल्यावर नाही.

पट्टीच्या दोनशे-तीनशे रुपयांवर हुज्जत घालणारे लोक खोलीच्या भाड्याकडे मात्र पाहत नाहीत. समजा, तुमच्या पॉलिसीत खोलीची मर्यादा दिवसाला ३,००० आहे आणि तुम्ही ५,००० ची खोली दोन दिवस घेतली. बिल असे: खोली १०,०००, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि थिएटर मिळून ३०,०००, प्लेट व स्क्रू १८,०००, औषधे व तपासण्या ७,०००, क्रेप, स्प्लिंट, वॉकर वगैरे ३,०००. एकूण ६८,०००. कंपनी खोलीचे ६,००० देईल. सर्जन-थिएटरचे शुल्क त्याच प्रमाणात, म्हणजे ६० टक्के धरून १८,००० देईल. प्लेट-स्क्रू, औषधे आणि तपासण्यांवर ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, ते २५,००० पूर्ण. हातात ४९,०००. गेलेल्या १९,००० पैकी पट्टी-वॉकरचे फक्त ३,०००. बाकीचे १६,००० खोलीने खाल्ले.

इस्पितळाची व्याख्याही पाहून ठेवा. दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावा-शहरात किमान १० खाटा, चोवीस तास परिचारिका आणि डॉक्टर, सुसज्ज शस्त्रक्रियागृह अशी अट असते. गोव्यातली सगळी शहरे या मर्यादेत बसतात, त्यामुळे इथे १५ खाटांची अट कुणी लावू शकत नाही. डे-केअर केंद्राला खाटांची किमान संख्या नसते. हाडवैद्याकडे बांबूच्या कामट्या आणि पाल्याचा लेप बांधून घेतला तर त्याचा एक पैसाही मिळत नाही. आयुर्वेदिक उपचार हवा असेल तर आयुष इस्पितळात रीतसर दाखल व्हावे लागते. पेडण्यात धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानाचे इस्पितळ आहे.

पॉलिसी नवी असली तरी अपघाताला पहिल्या ३० दिवसांची प्रतीक्षा लागू होत नाही. टाचदुखी, गाउटने (युरिक आम्लाच्या संधिवाताने) सुजलेला अंगठा, मधुमेही पायाची जखम यांना ही सूट नाही. गाउट बहुतेक पॉलिसींत दोन वर्षांच्या यादीत असतो, आणि आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे. म्हणून केसपेपरवर कारण स्पष्ट यायला हवे. ‘घोट्यात वेदना’ एवढेच लिहिले तर तो आजार ठरतो. ‘आज सकाळी ओल्या पायरीवरून घसरून उजवा घोटा आत वळला’ असे लिहिले तर तो अपघात. सांगणारे तुम्ही असता, तेव्हा नीट सांगा आणि जे घडले तेच सांगा, कारण कॅज्युअल्टीतली पहिली नोंद पुढे बदलता येत नाही. दारूचा उल्लेख त्या नोंदीत आला तर कंपनी मद्यपानाच्या वगळणुकीवर बोट ठेवू शकते. स्कूबा डायव्हिंगचेही तसेच. वगळणूक आहे ती व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्याला. हौसेने बुडी मारणारा पर्यटक त्यात येत नाही, रोजचा प्रशिक्षक येऊ शकतो.

कॅशलेस असेल, म्हणजे बिल कंपनी थेट इस्पितळाला देणार असेल, तर विमा कार्ड आणि आधार घेऊन इस्पितळाच्या टीपीए डेस्कवर (कंपनीतर्फे दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या काउंटरवर) जा. ठरवून होणाऱ्या प्रक्रियेची पूर्वसूचना साधारण ४८ तास आधी आणि तातडीच्या दाखल्याची २४ तासांच्या आत द्यायची असते. नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कंपनीने कॅशलेस विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. तीन तासांपुढे खोळंबा झाल्यामुळे इस्पितळाने जास्त आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा असतो. डेस्कवर हे शांतपणे सांगितले तरी काम हलते.

आधी पैसे भरून नंतर दावा करायचा असेल तर दाव्याच्या फॉर्मचा भाग ‘अ’ तुम्ही भरायचा आणि भाग ‘ब’ इस्पितळाने. सोबत मूळ डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, डॉक्टरच्या चिठ्ठ्या आणि त्यांच्याशी जुळणारी औषधांची बिले, एक्स-रेचा अहवाल आणि फिल्म, प्लेट बसवली असेल तर तिचे स्टिकर, रद्द केलेला धनादेश, ओळखपत्र. रस्त्यावरचा अपघात असेल तर एमएलसीची (इस्पितळाने पोलिसांसाठी केलेल्या नोंदीची) किंवा पोलीस तक्रारीची प्रत. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत हे सगळे डिस्चार्जपासून ३० दिवसांत द्यायचे असते. डिस्चार्ज समरीत भुलेचा प्रकार लिहिला आहे ना, एवढे घरी निघण्यापूर्वी वाचा. डे-केअरचा दावा त्या एका ओळीवर उभा असतो. ‘स्पायनल भूल देऊन हाड जागेवर बसवले, गुडघ्याखाली स्लॅब घातला’ असे हवे (स्लॅब म्हणजे अर्धे प्लास्टर). नुसते ‘प्लास्टर केले’ पुरत नाही.

नंतरची प्लास्टरे बहुतेक जण विसरतात. सूज असताना डॉक्टर पूर्ण प्लास्टर न घालता अर्धा स्लॅब देतात, कारण बंद प्लास्टरात सूज वाढली तर रक्तप्रवाह अडतो. बोटे निळी पडली, बधिर झाली तर लगेच परत जायचे ते यासाठीच. सूज उतरली की काही दिवसांनी पूर्ण प्लास्टर घालतात. हे दुसरे प्लास्टर, फेरतपासणी आणि पुन्हा काढलेला एक्स-रे ओपीडीत झाले तरी डिस्चार्जनंतरच्या खर्चात मिळतात. आरोग्य संजीवनीत ही मुदत ६० दिवसांची आहे, आणि ती संपल्यावर १५ दिवसांत कागद द्यायचे. अट एकच: मुख्य दावा मंजूर झालेला हवा. जून-जुलैत प्लास्टर भिजून मऊ पडणे आपल्याकडे नवीन नाही. ते बदलावे लागले तर चिठ्ठीवर बदलण्याचे कारण आणि मूळ दुखापत दोन्ही लिहून घ्या, नाहीतर तो वेगळा ओपीडी उपचार धरला जातो.

सरकारी योजना

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल तर तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत संरक्षण आहे. गोव्यात किमान पाच वर्षे रहिवास हवा. आधार, रहिवासाचा पुरावा आणि कुटुंबातल्या सर्वांची नावे बरोबर हवीत. सून किंवा नवे बाळ कार्डावर चढवायचे राहून जाते आणि ते लक्षात येते इस्पितळात. ही योजना ठरलेल्या प्रक्रियांच्या पॅकेजवर चालते. घोट्याच्या हाडाची शस्त्रक्रिया पॅकेजात बसू शकते, ओपीडीतली पट्टी नाही. दाखल होण्यापूर्वी त्या इस्पितळाच्या योजना-काउंटरवर तुमची प्रक्रिया यादीत आहे का आणि कार्डाची मुदत चालू आहे का, हे दोन्ही विचारा. सत्तर किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते, आधार पुरते. त्यात पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, तेही दाखल रुग्णालाच.

साध्या मुरगळीला खरे सांगायचे तर विम्याची वाट धरूच नये. बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय), म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळे, फोंड्याचे उपजिल्हा इस्पितळ इथे एक्स-रे आणि प्लास्टर होते, आणि खाजगी ओपीडीच्या तुलनेत खर्च नगण्य असतो.

जन्मतः वाकड्या पायाच्या बाळाचे प्रकरण वेगळे. बाह्य जन्मजात दोष बऱ्याच खाजगी पॉलिसींत वगळलेले असतात. पण राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा दोष आहे आणि १८ वर्षांपर्यंत उपचार मोफत आहेत. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाच-सहा प्लास्टरे लागतात, मग बहुतेकदा टाचेची शीर किंचित कापतात, आणि पुढे काही वर्षे ब्रेस. आरोग्य केंद्रातून संदर्भपत्र घेऊन पहिल्या काही आठवड्यांतच सुरुवात करावी.

वेर्णा, कुंडईच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांपैकी ज्यांचा पगार २१,००० पर्यंत आहे, त्यांना ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू असते, आणि या दुखापतीसाठी तिच्याइतकी उपयोगी योजना दुसरी नाही. ओपीडीची पट्टीसुद्धा दवाखान्यात मिळते. दाखल व्हावे लागले तर मडगावला ईएसआय इस्पितळ आहे. कामावर घोटा मोडला तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ सरासरी वेतनाच्या ९० टक्के दराने मिळतो, त्याला वर्गणीच्या दिवसांची अट नाही. घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही त्यात येऊ शकतो. घरी पडून पाय मोडला तर आजारपणाचा लाभ ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, आणि त्यासाठी वर्गणी-काळात ७८ दिवस भरलेले हवेत. कामावरच्या अपघाताची नोंद त्याच दिवशी मालकाच्या अपघात-वहीत करून घ्या. सुपरवायझर ‘उद्या बघू’ म्हणतो, आणि ९० टक्क्यांचे ७० होतात ते तिथेच. बँकेतून २० रुपये कापून जाणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे. भरून येणाऱ्या फ्रॅक्चरला तिच्यातून काही मिळत नाही.

दावा नाकारला तर कारण लेखी मागा, त्यात पॉलिसीचे कलम नमूद असले पाहिजे. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही ती नोंदवता येते. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे नेता येतात, फी नाही आणि वकील चालत नाही. अर्जाला पॉलिसीची प्रत, नकाराचे पत्र, कंपनीला दिलेल्या तक्रारीची पोच आणि डिस्चार्ज समरी जोडा. कॅज्युअल्टीच्या पहिल्या केसपेपरची प्रतही लावा, ती नसली तर फक्त कंपनीचीच बाजू समोर राहते.