फेडरल स्किल्ड वर्कर कार्यक्रम (कॅनडा)

कॅनडात नोकरी नसताना, त्या देशात कधी पाऊलही न ठेवता, शिक्षण, अनुभव, वय आणि भाषा यांच्या बळावर कायमच्या निवासाचा हक्क (पीआर) मिळवण्याचा मार्ग. अर्जदारांच्या बोलण्यात तो ‘एफएसडब्ल्यू’ म्हणूनच येतो. जानेवारी २०१५ पासून या मार्गाची निवड एक्स्प्रेस एंट्री या ऑनलाइन व्यवस्थेतून होते. क्वेबेक प्रांत १९९१ च्या करारानुसार आपले कुशल कामगार स्वतः निवडतो, त्यामुळे तिथे स्थायिक व्हायचे असेल तर हा मार्ग उपयोगाचा नाही.

या कार्यक्रमाबद्दलचा सर्वांत मोठा आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे पात्र ठरलो की निवड झाली, असे धरून चालणे. १०० पैकी ६७ गुण मिळाले की माणूस पात्र ठरतो. पीआरचा अर्ज करण्याचे निमंत्रण मात्र वेगळ्या गुणपद्धतीवर, इतर उमेदवारांशी स्पर्धा करून मिळवावे लागते. ६७ चा आकडा दाखवून पैसे घेणारे सल्लागार ही दुसरी पायरी अनेकदा सांगत नाहीत.

पूर्वपीठिका

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कॅनडा स्थलांतरितांना प्रवेश देताना वंश आणि मूळ देश पाहत असे. १९५१ च्या करारानुसार भारतातून वर्षाला फक्त १५० जणांना प्रवेश होता. १९५७ मध्ये ही संख्या ३०० झाली. एलन फेअरक्लॉ कॅनडाच्या स्थलांतर मंत्री असताना, १९६२ मध्ये, नियमांतील वांशिक भेदभाव बहुतांशी काढून टाकण्यात आला. त्याच्या जागी मोजमापाची नवी पद्धत यायला आणखी पाच वर्षे लागली. १ ऑक्टोबर १९६७ पासून पॉइंट्स पद्धत लागू झाली. शिक्षणाला २०, व्यवसायाच्या मागणीला १५, भाषेला १० आणि मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या वैयक्तिक मताला तब्बल १५ गुण होते. १०० पैकी ५० मिळाले की पुरे. अधिकाऱ्याच्या मताचे गुण पुढे गेले आणि भाषेचे वाढत २८ वर पोहोचले, हा या पद्धतीच्या इतिहासातला सर्वांत बोलका बदल आहे. २००२ मध्ये नवा कायदा अमलात आला तेव्हा पात्रतेची रेषा ७५ गुणांवर होती. ती फार कडक ठरल्याने सप्टेंबर २००३ मध्ये ६७ वर आणली गेली आणि तिथेच राहिली.

पात्रतेचे ६७ गुण

सध्याची वाटणी मे २०१३ पासूनची आहे: भाषा २८, शिक्षण २५, अनुभव १५, वय १२, कॅनडातली ठरलेली नोकरी १० आणि तिथे रुळण्याची शक्यता १०. मात्र गुण मोजण्याआधी किमान अटी पूर्ण व्हाव्या लागतात. गेल्या दहा वर्षांत सलग एक वर्षाचा पूर्णवेळ, पगारी, कुशल कामाचा अनुभव हवा. इंग्रजी किंवा फ्रेंचच्या ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे या चारही कौशल्यांत कॅनडाच्या भाषामापनाची सातवी पातळी हवी. आयईएलटीएस या इंग्रजीच्या चाचणीच्या जनरल प्रकारात ती प्रत्येकी ६ बँडला मिळते. परदेशी पदवी कॅनडातल्या कोणत्या शिक्षणाच्या तोडीची आहे, याचा मान्यताप्राप्त संस्थेचा अहवालही (ईसीए) लागतो.

हिशेब किती काठावर येऊ शकतो हे एका उदाहरणावरून कळेल. वय ३८, तीन वर्षांची पदवी, सहा वर्षांहून जास्त अनुभव, भाषा चारही कौशल्यांत सातवी पातळी. वयाचे ९ (३५ नंतर दरवर्षी एक गुण कमी होतो), पदवीचे २१, अनुभवाचे १५, भाषेचे १६, म्हणजे एकूण ६१. पतीने किंवा पत्नीने भाषेची परीक्षा देऊन चौथी पातळी गाठली, तर तिथे रुळण्याच्या शक्यतेचे आणखी ५ मिळून ६६ होतात. एका गुणासाठी अर्ज अडतो. मग अर्जदाराने एखाद्या कौशल्यात आठवी पातळी मिळवली की तो एक गुण भरून निघतो. म्हणून सुरुवातीलाच दोघांनीही परीक्षा देणे शहाणपणाचे.

हुद्दा आणि काम

अनुभव कुशल कामाचा आहे की नाही, हे कॅनडाच्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणावरून (एनओसी) ठरते. नोव्हेंबर २०२२ पासून त्यात पाच अंकी संकेतांक वापरतात. दुसरा अंक लागणाऱ्या प्रशिक्षणाचा स्तर सांगतो. तो ०, १, २ किंवा ३ असावा लागतो. नोंदणीकृत परिचारिकेचा संकेतांक ३१३०१ आहे, म्हणजे स्तर १. अवजड ट्रक चालवणाऱ्यांचा ७३३०० आहे, म्हणजे स्तर ३. जुन्या वर्गीकरणात ट्रकचालक या मार्गाबाहेर होते, नव्याने त्यांना आत घेतले.

इथे अर्ज फेटाळले जाण्याचे एक नेहमीचे कारण दडलेले आहे. अधिकारी हुद्द्याच्या नावावर विसंबत नाहीत, प्रत्यक्ष काम पाहतात. कंपनीच्या लेटरहेडवरील अनुभवपत्रात नोकरीच्या तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि मुख्य म्हणजे कामाचे स्वरूप लिहिलेले असावे लागते. ‘यांनी आमच्याकडे मॅनेजर म्हणून समाधानकारक काम केले’ एवढ्या एका ओळीच्या पत्राला काहीच किंमत नाही. आणि वर्गीकरणातली वाक्ये जशीच्या तशी उतरवलेले पत्रही संशय निर्माण करते. आपण रोज काय करत होतो ते आपल्या शब्दांत, तपशीलवार लिहून वरिष्ठांची सही घेणे हाच सरळ उपाय आहे.

निमंत्रणाची स्पर्धा

२००८ पूर्वी जो पात्र असेल त्याचा अर्ज तपासणे सरकारला बंधनकारक होते. त्यामुळे अर्ज तुंबले. आधी ३८ व्यवसायांची यादी करून आवक रोखली गेली. मग २०१२ मध्ये संसदेने कायदाच करून २७ फेब्रुवारी २००८ पूर्वीचे, निकाल न लागलेले अर्ज रद्द केले आणि शुल्क परत केले. सुमारे २ लाख ८० हजार लोकांना त्याची झळ बसली. वर्षानुवर्षे नियमाने रांगेत थांबलेल्यांवर हा उघड अन्याय होता. आजची व्यवस्था त्यातून जन्मली हे विसरता येत नाही.

एक्स्प्रेस एंट्रीत रांग नाही. पात्र उमेदवार आपली प्रोफाइल भरतो आणि ‘पूल’मध्ये दाखल होतो. तिथे सीआरएस नावाच्या पद्धतीने १२०० पैकी गुण दिले जातात. वेळोवेळी ड्रॉ होतात; ‘ड्रॉ’ म्हणत असले तरी त्यात सोडतीचा भाग नाही, वरच्या गुणांपासून खाली ठरलेल्या संख्येपर्यंत निमंत्रणे जातात. शेवटच्या निमंत्रिताचे गुण म्हणजे त्या वेळचा कट-ऑफ. प्रोफाइल १२ महिने टिकते.

या गुणांत भाषेचे वजन किती आहे पाहा. एकट्या अर्जदाराकडे मास्टर्स पदवी आणि तीन वर्षांचा परदेशी अनुभव आहे, आणि आयईएलटीएसमध्ये ऐकण्याला ८, बाकी तिन्हींना ७ बँड मिळाले, तर चारही कौशल्यांत नववी पातळी होते. लेखनात ७ ऐवजी साडेसहा पडले तर त्या कौशल्याचे ८ गुण जातातच, शिवाय शिक्षण व अनुभव यांना भाषेशी जोडून मिळणारे प्रत्येकी २५ गुणही हुकतात. अर्ध्या बँडने ५८ गुणांचा फरक! दुसरीकडे तिशीत वयाचे दरवर्षी पाच-सहा गुण कमी होत राहतात. एखाद्या प्रांताने नामांकन दिले तर मात्र एकदम ६०० गुण मिळतात आणि निमंत्रण जवळपास निश्चित होते. नोकरीच्या ऑफरचे जादा गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झाले, कारण पैसे घेऊन अशी पत्रे विकण्याचे प्रकार वाढले होते. ६७ च्या गणितात मात्र ठरलेल्या नोकरीचे गुण राहिले.

चांगले गुण असूनही वाट बंद होऊ शकते. महासाथीमुळे सरहद्दी बंद असताना, डिसेंबर २०२० नंतर जुलै २०२२ पर्यंत, एफएसडब्ल्यूच्या उमेदवारांना प्रांतिक नामांकनाशिवाय निमंत्रणे मिळाली नाहीत. त्याच काळात, १३ फेब्रुवारी २०२१ रोजी, कॅनडात आधीच काम केलेल्यांसाठी २७,३३२ निमंत्रणे निघाली आणि कट-ऑफ अवघ्या ७५ वर आला. २०२३ पासून फ्रेंच भाषा, आरोग्यसेवा, कारागिरीचे व्यवसाय अशा गटांसाठी स्वतंत्र ड्रॉही होऊ लागले.

निमंत्रणानंतर

अर्जासाठी ६० दिवस मिळतात. पोलीस क्लिअरन्स, वैद्यकीय तपासणी आणि कुटुंबाच्या आकारानुसार स्वतःच्या मालकीचा निधी दाखवावा लागतो. उसना पैसा चालत नाही. भाषेचा निकाल दोन वर्षे व ईसीए पाच वर्षे ग्राह्य असतो, त्यामुळे अर्जाच्या दिवशी दोन्ही मुदतीत आहेत ना, हे पाहावे.

पीआर मिळाले म्हणजे आपल्या व्यवसायाचा परवाना मिळाला असे होत नाही. डॉक्टर, परिचारिका, अभियंते यांना त्या-त्या प्रांतातल्या नियामक संस्थेची परवानगी स्वतंत्रपणे घ्यावी लागते आणि त्यात वर्षे जाऊ शकतात. पीआर टिकवण्यासाठी दर पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात राहावे लागते. नागरिकत्वाच्या अर्जासाठी आधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस भरावे लागतात.