निवृत्त पोलीस संघटना

पोलीस दलातून सेवानिवृत्त झालेले अधिकारी व अंमलदार, तसेच दिवंगत पोलिसांचे जोडीदार यांनी परस्परांच्या हितासाठी स्वेच्छेने उभारलेली संस्था. निवृत्तिवेतनाचे हक्क राखणे, अडचणीतल्या सभासदाला व त्याच्या कुटुंबाला हात देणे आणि नोकरीत जुळलेली नाती टिकवणे ही तिची मुख्य कामे. तिला कामगार संघटना म्हणता येत नाही, कारण संप करण्याजोगे काम तिच्या सभासदांच्या हाती उरलेले नसते. तिला नुसते स्नेहमंडळ म्हणणेही अपुरे ठरते. तिच्या बैठकीत निम्मा वेळ परिपत्रके, थकबाकी आणि अर्ज यांतच जातो.

इतर खात्यांतल्या निवृत्तांच्याही संघटना असतात. मग पोलिसांची वेगळी कशासाठी? याचे उत्तर त्यांच्या नोकरीच्या स्वरूपात आहे. अनेक देशांत सेवेतल्या पोलिसाच्या संघटना-स्वातंत्र्यावर कायद्याने बंधने आहेत. भारतीय राज्यघटनेच्या कलम ३३ ने संसदेला अशी बंधने घालण्याचा अधिकार दिला आणि त्यानुसार १९६६ साली पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. परवानगीशिवाय कामगार संघटनेचे सभासद होण्यास या कायद्याने पोलिसाला मनाई आहे. ब्रिटनमध्ये १९१९ च्या पोलीस कायद्याने तेच केले. म्हणजे तीस-पस्तीस वर्षे ज्याने इतरांच्या मोर्चांचा बंदोबस्त केला, त्याला स्वतःच्या मागणीसाठी चार माणसे जमवण्याची मोकळीक बहुधा निवृत्तीनंतरच मिळते. संघटनेचे कामकाज तो उतारवयात शिकतो. या संघटनांच्या वाढीमागचे हे सर्वांत मोठे कारण आहे आणि त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

दुसरे कारण निवृत्तीनंतरच्या पोकळीचे. पोलिसाच्या वेळा इतरांशी जुळत नाहीत, सणावाराला तो रस्त्यावर असतो, त्यामुळे खात्याबाहेरची मैत्री विरळच राहते. अनेकांचे राहते घरही सरकारी असते. गणवेश उतरला की काही महिन्यांतच घर, शेजार आणि सोबती एकदम सुटतात. जे पाहिले ते घरच्यांना सांगता येत नाही. अपघातातले मृतदेह, लहान मुलांवरचे अत्याचार, गोळीबार हे सारे ज्याने स्वतः सोसले आहे त्याच्याजवळच बोलता येते. संघटनेच्या खोलीत अशी माणसे भेटतात. तिथे काही समजावून सांगावे लागत नाही, हा मोठा आधार आहे.

या चळवळीचा इतिहास ब्रिटनमध्ये सर्वांत स्पष्ट दिसतो. लंडनचे महानगर पोलीस दल १८२९ मध्ये स्थापन झाले. पुढची सहा दशके निवृत्तिवेतन देणे न देणे बऱ्याच अंशी वरिष्ठांच्या मर्जीवर होते. १८९० च्या कायद्याने २५ वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतन हा हक्क झाला. पहिल्या महायुद्धात महागाई भडकली, पण जुन्या निवृत्तांची रक्कम जागची हलली नाही. सेवेतल्या पोलिसांनी १९१८ मध्ये आणि पुन्हा १९१९ मध्ये संप केला. दुसऱ्या संपात उतरलेल्या प्रत्येकाला बडतर्फ करण्यात आले आणि त्यांच्या निवृत्तिवेतनाचा हक्कही गेला. त्याच १९१९ साली निवृत्त पोलिसांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९२० च्या कायद्याने ठरावीक मर्यादेखालच्या जुन्या निवृत्तिवेतनांत वाढ झाली. नंतर १९७१ च्या कायद्याने अशा वाढीची कायमची पद्धत बसवली. आज या संघटनेचे सभासद ८० हजारांहून अधिक आहेत आणि शाखांचे जाळे देशभर आहे.

सीमेपलीकडची मैत्री हे आणखी एक अंग. १९५० मध्ये आर्थर ट्रूप या इंग्लिश सार्जंटने आंतरराष्ट्रीय पोलीस संघटना (इंटरनॅशनल पोलीस असोसिएशन) स्थापन केली. ‘मैत्रीतून सेवा’ या अर्थाचे तिचे ब्रीदवाक्य एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत आहे. सेवेतले आणि निवृत्त असे दोघेही तिचे सभासद होतात आणि हुद्द्याचा भेद मानला जात नाही.

भारतात निवृत्त पोलिसांच्या संघटना प्रामुख्याने जिल्हा आणि राज्य पातळीवर आहेत. अशा संस्थांची नोंदणी साधारणपणे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली होते. त्यांच्या कामाला पाया मिळाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या ‘डी. एस. नाकारा विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यातील १७ डिसेंबर १९८२ च्या निकालाने. निवृत्तिवेतनाचे सुधारित सूत्र ३१ मार्च १९७९ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच लागू करण्यात आले होते. आधी निवृत्त झालेल्यांना वगळणारी ही तारखेची भिंत न्यायालयाने पाडली. निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेपोटी मिळणारा हक्क आहे, असे स्पष्ट केले. अर्जदारांत दोन निवृत्तांबरोबर ‘कॉमन कॉज’ ही नोंदणीकृत संस्थाही होती. एकटा म्हातारा माणूस दिल्लीपर्यंत खटला नेऊ शकत नाही, संस्था नेऊ शकते. १७ डिसेंबर हा दिवस देशभर निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळला जातो.

पोलीस सुधारणांचा खटलाही याच वाटेने गेला. प्रकाश सिंह आणि एन. के. सिंह या निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांनी १९९६ मध्ये याचिका केली. याही वेळी कॉमन कॉज सोबत होती. २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने पोलीसप्रमुखांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, तपास व कायदा-सुव्यवस्था यांची फारकत, पोलीस तक्रार प्राधिकरणे असे सात निर्देश दिले. सेवेत असताना जे बोलणे अवघड होते ते निवृत्तांनी न्यायालयात मांडले. मात्र निवृत्तांच्या बोलण्यालाही मर्यादा आहेत. गुप्तवार्ता व सुरक्षाविषयक केंद्रीय संस्थांतून निवृत्त झालेल्यांनी संस्थेच्या कार्यकक्षेतील विषयावर पूर्वपरवानगीशिवाय लेखन प्रसिद्ध करू नये, असा नियम २०२१ मध्ये झाला.

मोठे खटले क्वचित होतात. संघटनेची खरी किंमत कळते ती टेबलावरच्या एखाद्या फाइलीत. केंद्र सरकारच्या नियमांनुसार ८० वर्षे पूर्ण झाली की निवृत्तिवेतनात २० टक्के वाढ मिळते, पुढे दर पाच वर्षांनी ती वाढत जाते आणि शंभराव्या वर्षी १०० टक्के होते. कुटुंब निवृत्तिवेतनालाही हे लागू आहे. आता समजा, एका हवालदाराची विधवा ८३ वर्षांची आहे. निवृत्तिवेतनाच्या आदेशात पतीची जन्मतारीख आहे, तिची नाही. सेवापुस्तकात तिचे नाव एका तऱ्हेने, बँकेत दुसऱ्या तऱ्हेने. बँकेच्या लेखी ती ८० ची झालेलीच नसते. संघटनेचा चिटणीस सेवापुस्तकाचे पान पान उलटतो, कुटुंबाच्या तपशिलाचा तक्ता शोधतो, नावातील फरकाचे प्रतिज्ञापत्र करून घेतो, अर्ज स्वतः लिहितो आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलत नाही. आयुष्यभर पंचनामे लिहिलेल्या हाताला कागद कुठे अडतो ते बरोबर समजते. तीन वर्षांची थकबाकी त्या बाईच्या खात्यात जमा होते, तेव्हा वर्गणीचा एकेक पैसा सार्थकी लागलेला असतो.

विधवांच्या प्रश्नावर अशा संघटनांनी सगळीकडेच चिकाटी दाखवली आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १९८७ च्या पोलीस निवृत्तिवेतन योजनेखाली विधवेने पुन्हा लग्न केले किंवा कोणाबरोबर संसार थाटला तर निवृत्तिवेतन बंद होई. कर्तव्यावर मरण पावलेल्यांच्या जोडीदारांपुरती ही अट एप्रिल २०१५ पासून उठली, बाकीच्यांचा झगडा राहिला. अमेरिकेत अनेक पोलिसांना वेगळे निवृत्तिवेतन मिळते म्हणून त्यांच्या सामाजिक सुरक्षा लाभात १९८३ च्या कायद्याने कपात होत होती. पोलीस, अग्निशामक, शिक्षक यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर ५ जानेवारी २०२५ रोजी ती तरतूद रद्द झाली. तोवर कितीतरी सभासद ती कपात सोसतच गेले होते.

अडचणीही खऱ्या आहेत. अनेक ठिकाणी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या आणि शिपाई-हवालदारांच्या संघटना वेगळ्या असतात आणि त्याने दोघांचेही नुकसान होते. वरिष्ठांना मंत्रालयाची दारे ठाऊक असतात, अंमलदारांना गरजू घर कुठले ते ठाऊक असते. नव्याने निवृत्त झालेले दुसरी नोकरी धरतात आणि गरज पडेपर्यंत फिरकत नाहीत. त्यामुळे शाखा पंच्याहत्तरीच्या चिटणीसाच्या खांद्यावर चालते आणि तो अंथरुणाला खिळला की कुलूप लागते. पुढे कामाचे स्वरूपही बदलणार आहे. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या नागरी सेवेत आलेल्यांना अंशदायी योजना, म्हणजे नोकरीत असताना वर्गणी भरून ती गुंतवण्याची पद्धत, लागू झाली आणि बहुतेक राज्यांनीही पुढे तीच वाट धरली. ही पिढी निवृत्त होत जाईल तशी महागाई भत्त्याच्या हिशेबाऐवजी गुंतवणुकीचे प्रश्न घेऊन माणसे शाखेत येतील. हयातीचा दाखला देण्याच्या निमित्ताने निवृत्तांना फोन करून खाती रिकामी करणाऱ्या टोळ्यांपासून सावध करण्याचे कामही शाखांकडे आले आहे.

काही शाखा एक साधी वही ठेवतात. एकट्या राहणाऱ्या सभासदांची नावे त्यात असतात आणि रोज कोणी कोणाला फोन करायचा ते ठरलेले असते. ठाण्यातल्या हजेरीचीच ही रीत. फोन उचलला गेला नाही तर जवळचा सभासद तासाभरात दार वाजवायला जातो.