न गाणाऱ्या वादकांसमोरचे माईक

रॉक किंवा पॉप बँडच्या थेट कार्यक्रमात मुख्य गायकाखेरीज गिटारवादक, बेसवादक, कीबोर्डवादक, कधी ड्रमवादक यांच्यासमोरही माईक दिसतात. त्यांतले काही जण कार्यक्रमभर एकही ओळ गात नाहीत. काही जण मधूनच माईकजवळ तोंड नेऊन काहीतरी बोलतात आणि त्यातला एक शब्दही प्रेक्षकांना ऐकू येत नाही. त्यावरून हे माईक शोभेचे असावेत असा समज होतो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. माईकमधून आलेला आवाज सभागृहातल्या मोठ्या स्पीकरना द्यायचा, की फक्त मंचावरच्या चार-पाच जणांच्या कानांत सोडायचा, हे मिक्सरवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रावर, ठरते. त्यामुळे माईक कोणासमोर उभा आहे यापेक्षा त्यातला आवाज कुठे जातो, हे विचारावे लागते.

सहगायन

सर्वांत साधे कारण सहगायनाचे. प्रेक्षक ज्याला न गाणारा समजतात तो पुष्कळदा गात असतो. फक्त त्याचे गाणे वेगळे उठून दिसू नये अशीच योजना असते. ध्रुवपदात मुख्य गायकाच्या सुराच्या वर किंवा खाली तिसऱ्या वा पाचव्या स्वरावर दुसरा आवाज लागला की ध्रुवपद भरदार होते. पण तो आवाज कोणाचा हे ओळखू येऊ लागले, तर मिलाफ बिघडतो. म्हणून साऊंड इंजिनीअर सहगायकांचे आवाज मुख्य आवाजाच्या बरेच खाली ठेवतो. चार मिनिटांच्या गाण्यात बेसवादकाच्या वाट्याला जेमतेम चार ओळी येतात आणि बाकीचा वेळ माईक त्याच्यासमोर नुसता उभा असतो. ‘क्वीन’ या बँडमधल्या चौघांपैकी बेसवादक जॉन डीकन याने एकाही गाण्यात मुख्य गायन केले नाही. कार्यक्रमांत मात्र त्याच्यापुढे माईक असे आणि तो अधूनमधून साथीला गात असे.

प्रत्येकाला स्वतंत्र माईक ही पद्धतही पुढे रुळलेली आहे. 9 फेब्रुवारी 1964 रोजी ‘द बीटल्स’ अमेरिकेतील एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गायले, तेव्हा पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन एकाच माईकवर डोकी जवळ आणून गात होते. दिसायला ते सुंदर असले तरी इंजिनीअरच्या हाती काही उरत नाही. दोघांतला एक मोठ्याने गायला तर त्याला खाली घेता येत नाही, कारण दुसराही त्याच्याबरोबर खाली जातो. प्रत्येक आवाजाला मिक्सरवर स्वतःचे चॅनल, म्हणजे वेगळा मार्ग, मिळाले की हा प्रश्न मिटतो.

एखाद्या वादकाचा सूर डळमळत असेल, तर इंजिनीअर त्याचे चॅनल सभागृहासाठी जवळजवळ बंद ठेवतो आणि त्याच्या स्वतःच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे वादकाला स्वतःला ऐकण्यासाठी असलेल्या स्पीकरमध्ये किंवा कानातल्या यंत्रात, मात्र चालू ठेवतो. वादक मनापासून गात राहतो, प्रेक्षकांना तो ऐकू येत नाही. याला फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल. गाण्याचे शब्द तोंडात असले की हातही त्या शब्दांच्या वजनाने चालतात, हे बहुतेक वादकांना ठाऊक असते.

टॉकबॅक

आजच्या मोठ्या कार्यक्रमांत न गाणाऱ्या वादकासमोर दिसणारा माईक बहुधा टॉकबॅकचा असतो. टॉकबॅक म्हणजे बँडमधील वादक, त्यांचे तंत्रज्ञ आणि वादकांच्या मॉनिटरमधला आवाज सांभाळणारा मॉनिटर इंजिनीअर यांनी आपसांत बोलण्यासाठी राखून ठेवलेले चॅनल. ते सभागृहाच्या मिश्रणात घेतलेलेच नसते, त्यामुळे त्यावर बोललेले मंचाबाहेर जात नाही.

याची गरज का पडली ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. 15 ऑगस्ट 1965 रोजी न्यूयॉर्कच्या शी स्टेडियममध्ये ‘द बीटल्स’ सुमारे 55,600 प्रेक्षकांपुढे गायले. गिटारसाठी 100 वॉटचे अँप्लिफायर होते आणि गाण्याचा आवाज स्टेडियमच्या घोषणांच्या स्पीकरवरून जात होता. मंचावर स्वतःला ऐकण्याची सोय नव्हती. प्रेक्षकांच्या आरड्याओरड्यात काहीच ऐकू येत नसल्याने ड्रमवादक रिंगो स्टार पुढे उभ्या असलेल्या साथीदारांच्या हालचाली पाहून गाण्यात आपण कुठे आहोत याचा अंदाज घेत असे. पुढे मंचावर वादकांकडे तोंड करून ठेवलेले तिरके मॉनिटर स्पीकर आले. त्यांनी वादकांना आपला आवाज ऐकू येऊ लागला, पण मंचावरचा गोंगाट आणखी वाढला.

त्यावर उपाय म्हणून कानात घालायचे मॉनिटर, म्हणजे इन-इअर, रूढ झाले. ‘व्हॅन हेलन’ या बँडचे मॉनिटर इंजिनीअर जेरी हार्वी यांनी ड्रमवादक ॲलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी असे मॉनिटर घडवले आणि 1995 मध्ये त्यातूनच ‘अल्टिमेट इअर्स’ ही कंपनी उभी राहिली. नीट बसलेले इन-इअर बाहेरचा आवाज साधारण 20 ते 25 डेसिबलने कमी करते आणि त्या जागी वादकाला हवे तेवढेच मिश्रण कानात देते. कान वाचतात, सूर नेमका लागतो. पण शेजारी उभा असलेला साथीदार ओरडून काही सांगू लागला तरी त्याचे ओठ हलताना दिसतात, शब्द पोचत नाहीत. इन-इअरने ज्यांना एकमेकांपासून तोडले त्यांना पुन्हा जोडण्यासाठी टॉकबॅकचा माईक आला. प्रत्येक बँड सदस्याच्या जागी तो का दिसतो, याचे सर्वांत मोठे उत्तर हेच आहे.

प्रत्यक्षात तो कसा वापरतात? समजा, गाण्याच्या मध्यावर गिटारची तार तुटली. वादक समोरच्या गायनाच्या माईककडे जात नाही. तो दोन पावले मागे येतो, अँप्लिफायरजवळ बुटक्या स्टँडवर असलेल्या माईककडे वाकतो, पायाखालचे बटण दाबतो आणि म्हणतो, “दुसरी गिटार आण, कॅपो दुसऱ्या पट्टीवर.” (कॅपो म्हणजे सूर चढवण्यासाठी गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा.) मंचाच्या कडेला बसलेला गिटार तंत्रज्ञ ते कानात ऐकतो आणि ध्रुवपद संपायच्या आत सुरात लावलेली गिटार घेऊन येतो. मॉनिटर इंजिनीअरनेही ते ऐकलेले असते, म्हणून गिटार बदलताना होणारा खट्ट आवाज टाळण्यासाठी तो ते चॅनल क्षणभर बंद करतो. समोरच्या हजारो प्रेक्षकांना यातले काहीही कळत नाही.

बाकीचे बोलणे याहून रोजच्यातले असते. “क्लिक (लय धरण्यासाठी कानात वाजणारी टिकटिक) थोडी वाढव.” “बेस फार येतोय.” “पुढचे गाणे गाळू या.” मोठ्या दौऱ्यांत संगीत संयोजनाची जबाबदारी बहुधा कीबोर्डवादकाकडे किंवा ड्रमवादकाकडे असते आणि तो टॉकबॅकवरून गाण्याची आखणी चालू गाण्यातच सांगत राहतो: ध्रुवपद अजून एकदा, आता सगळे थांबा, चार मोजल्यावर शेवट. गायक प्रेक्षकांशी बोलण्यात रमला आणि पुढचे गाणे लांबले, तर आधीचे आठ ठेके आणखी किती वेळा फिरवायचे हेही तिथूनच ठरते. ज्या बँडचे वळण सहज आणि न ठरवल्यासारखे वाटते, त्याच्या कानांत कोणीतरी सतत बोलत असण्याची शक्यता मोठी असते.

या माईकची खरी अडचण म्हणजे तो उघडा राहणे. बटण दाबायचे आणि सोडायचे विसरले, की ड्रमचा सगळा ढणढणाट प्रत्येकाच्या कानात शिरतो. म्हणून दाबून धरले तेवढाच वेळ चालू राहणारे बटण अनेकांना पसंत असते. काही ठिकाणी माईकजवळ डोके आल्यावरच चॅनल उघडणारा अवरक्त संवेदक लावतात. ‘ऑप्टोगेट’ हे उपकरण त्याच जातीचे. ड्रमवादकाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय कामात असल्याने त्याच्यासाठी ही सोय विशेष उपयोगाची ठरते. गाणाऱ्या वादकासाठी आणखी एक युक्ती आहे. पायातले बटण दाबले की त्याच्या गायनाच्या माईकचाच आवाज सभागृहाकडून टॉकबॅककडे वळतो आणि एकच माईक दोन्ही कामे करतो.

तोंडातून वाजणारी गिटार

क्वचित वादक माईकवर गातो असे दिसते, पण ऐकू येते ती गिटार. हे टॉकबॉक्सचे काम. यात गिटारचा आवाज नेहमीच्या स्पीकरऐवजी एका छोट्या ध्वनिप्रक्षेपकातून प्लॅस्टिकच्या नळीत सोडतात. नळीचे दुसरे टोक माईकच्या स्टँडला बांधलेले असते. वादक ते तोंडात धरतो आणि गळ्यातून आवाज न काढता केवळ ओठ, जीभ व जबडा हलवून गिटारच्या आवाजाला शब्दांचा आकार देतो. तो आवाज त्याच्या तोंडातूनच बाहेर पडतो, म्हणून तो टिपायला समोर माईक असावाच लागतो. नसेल तर त्या ओळी प्रेक्षकांपर्यंत पोचणारच नाहीत. मोठ्या मंचावर चालेल असा जोरकस टॉकबॉक्स ध्वनितंत्रज्ञ बॉब हाइल यांनी 1973 मध्ये गिटारवादक जो वॉल्श यांच्यासाठी बनवला. गिटारवादक-गायक पीटर फ्रॅम्प्टन यांच्या 1976 मध्ये प्रसिद्ध झालेल्या थेट मैफिलीच्या अल्बममुळे हा आवाज घरोघरी पोचला. व्होकोडर या यंत्रालाही माईक लागतो. त्यात कीबोर्डवादक माईकवर शब्द उच्चारतो आणि ते शब्द कीबोर्डच्या सुरांवर चढतात.

वाद्यांचे आणि कोणाचेच नसलेले माईक

मंचावरच्या माईकांपैकी बरेचसे माणसांसाठी नसतातच. गिटारच्या अँप्लिफायरसमोर, स्नेअर या छोट्या ड्रमच्या कडेला, बास ड्रमच्या आत, झांजांच्या वर असे माईक लावतात. एका ड्रमसेटलाच आठ-दहा माईक लागणे नेहमीचे आहे. शुअर कंपनीचे एसएम57 (1965) आणि एसएम58 (1966) हे दोन माईक अशा मंचांवर सर्वत्र आढळतात. पहिला बहुधा वाद्यांपुढे, तर गोल जाळीचा दुसरा गायकांपुढे. त्यामुळे वादकाजवळचा माईक कशाकडे तोंड करून आहे हे पाहिले, तरी निम्मे उत्तर मिळते.

मंचाच्या पुढच्या कडेला प्रेक्षकांकडे वळवलेले माईकही असतात. ते सभागृहाच्या स्पीकरवर कधीच जात नाहीत. इन-इअर घातलेल्या वादकाला टाळ्या ऐकू आल्या नाहीत तर कार्यक्रम बंद खोलीत केल्यासारखा वाटतो, म्हणून प्रेक्षकांचा आवाज त्याच्या कानात मिसळण्यासाठी ते लावलेले असतात.

उघड्या माईकचा तोटा

इतके माईक लावले तर सगळे चालू का ठेवू नयेत? कारण प्रत्येक उघडा माईक आपल्याला हवा तो आवाज टिपतो आणि नको असलेलाही. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली, की फीडबॅकची, म्हणजे स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरून उठणारी, शिट्टी वाजण्यापूर्वी मिळणारी आवाजाची मुभा सुमारे 3 डेसिबलने घटते. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. ड्रमपासून 3 मीटर पुढे असलेल्या सहगायकाच्या माईकमध्ये झांजेचा आवाज ड्रमच्या स्वतःच्या माईकपेक्षा सुमारे 9 मिलिसेकंद उशिरा पोचतो. हे दोन्ही मिसळले की काही कंप्रता एकमेकींना खोडतात आणि झांज पोकळ, पाण्याखालून आल्यासारखी वाजते. त्यामुळे चांगला इंजिनीअर ओळ आली की त्या सहगायकाचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी मिक्सरवरची सरकपट्टी, वर करतो आणि ओळ संपली की खाली आणतो. पहिल्या ओळीचे पहिले अक्षर हुकणे हा यातला धोका. त्यासाठी कोण कुठे गातो याची खूण गाण्यांच्या यादीवर करून ठेवतात.

माईक निवडतानाही हाच हिशेब असतो. एसएम58 सारखे कार्डिऑइड माईक थेट मागून येणारा आवाज सर्वांत कमी घेतात, म्हणून मॉनिटर स्पीकर त्यांच्या बरोबर मागे ठेवतात. सुपरकार्डिऑइड माईकची बहिरी जागा मागच्या दोन बाजूंना असते, त्यामुळे स्पीकर तिरपे सरकवावे लागतात.

राखीव माईक, समारोह आणि दूरचित्रवाणी

अनेक बँड एकाच मंचावर पाठोपाठ गातात अशा समारोहांत दोन कार्यक्रमांमधला वेळ थोडा असतो. म्हणून मंचाच्या ठरावीक जागांवर गायनाचे माईक आधीच जोडून ठेवतात. पुढच्या बँडचा गिटारवादक गाणारा असो वा नसो, त्याच्या जागी माईक उभाच असतो. बँडने आधी पाठवलेल्या मंचाच्या आराखड्यात आणि माईकांच्या यादीत तो नको असे लिहिले असेल तरच तो उचलला जातो. शिवाय गायकाचा बिनतारी माईक मध्येच बंद पडला तर शेजारच्या वादकाचा तारेचा माईक त्याच्या कामी येतो. वादकांची ओळख करून देणे, पाहुण्या कलाकाराला जागा देणे, गायक कपडे बदलायला गेला असताना प्रेक्षकांशी दोन शब्द बोलणे, यांसाठीही तो लागतो.

निव्वळ दाखवायचे माईक खरोखर असतात ते मुख्यतः दूरचित्रवाणीवर. ब्रिटनमध्ये 1964 मध्ये सुरू झालेल्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात पुष्कळ वर्षे कलाकार ध्वनिमुद्रित गाण्यावर ओठ हलवत. तिथे माईक, गिटार, ड्रम सगळेच देखाव्यापुरते असे.

थेट मैफिलीचे बहुमार्गी ध्वनिमुद्रण करताना प्रत्येक माईकचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर साठवतात. टॉकबॅकचा ट्रॅक मुद्रित झाला असेल तर मिश्रण करताना तो बाजूला काढतात. सहगायकांच्या ट्रॅकवर मात्र दोन ओळींच्या मध्ये झांजा आणि गिटार पसरलेले असतात, म्हणून त्यांतला न गायलेला भाग कापून शांत करतात. सूर फारच चुकला असेल, तर तेवढ्या ओळी नंतर स्टुडिओत पुन्हा गाऊन घेतात.