चित्रभिंत (घरातील)

घरातल्या एकाच भिंतीवर चित्रे, छायाचित्रे, तसबिरी, एखादा आरसा किंवा विणकामाचा तुकडा एकमेकांशी अंतर राखून लावण्याची मांडणी. पॅरिसमध्ये १८व्या शतकात भरणाऱ्या सलों या प्रदर्शनांत भिंती छतापर्यंत चित्रांनी भरत. दाट, असमान मांडणीचा प्रकार तिथून रूढ झाला. वडोदऱ्यातील मराठी घरांना भिंतीवरच्या चित्रांची ओळख आणखी जवळून आहे. रावपुऱ्यातील तांबेकर वाड्याच्या भिंतीच रंगवलेल्या आहेत. सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी राजा रविवर्मा यांच्याकडून १४ पौराणिक चित्रे काढून घेतली आणि १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या रविवर्म्यांच्या छापखान्यामुळे लक्ष्मी-सरस्वती साध्या दिवाणखान्यांतही आल्या. पुढे १९५० साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा सुरू झाली. त्यामुळे इथल्या एकाच भिंतीवर पणजोबांचा पगडीतला फोटो, जुना ओलिओग्राफ (तैलचित्रासारखे दिसणारे छापील चित्र) आणि अलीकडचे छापचित्र शेजारी दिसणे अगदी स्वाभाविक आहे.

भिंतीची निवड : चित्रांच्या निवडीआधी भिंत निवडावी, बहुतेक चित्रभिंती बिघडतात त्या इथेच. बाहेरची पश्चिमेकडची किंवा न्हाणीघराला लागून असलेली भिंत पावसाळ्यात ओल धरते. रंगाला फुगे, पोपडे किंवा पांढरा क्षार दिसला तर आधी गळती थांबवावी. नुसता नवा रंग देऊन ओल जात नाही, फक्त काही महिने झाकली जाते. दुपारचे थेट ऊन पडणारी भिंतही टाळावी. रंगीत फोटो आणि जलरंग उन्हाने विटतात, आणि विटलेला रंग परत येत नाही.

दांडिया बाजार, रावपुरा भागातील जुन्या वाड्यांत वीट आणि चुन्याचा गिलावा असतो. तिथे ड्रिलचा हॅमर (ठोके देणारी सोय) बंद ठेवून ते चालवावे, नाहीतर गिलाव्याचा तुकडाच निखळतो. गिलावा जाड असल्याने स्क्रू किमान ६० मिमी लांब हवा, म्हणजे तो विटेत पोचतो. छिद्र दोन विटांमधल्या सांध्यात पडले तर गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी) फिरते. तेव्हा जागा ३-४ सेंमी सरकवावी. नव्या इमारतीत विटेच्या भिंतीला ६ मिमीचे छिद्र आणि तेवढीच गिट्टी पुरते, काँक्रीटच्या खांबाला मात्र हॅमर लागतोच. हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या एएसी ब्लॉकमध्ये साधी गिट्टी सैल होते, म्हणून त्यासाठीचीच लांब गिट्टी घ्यावी. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली छिद्र पाडू नये; वायरिंगची नळी बहुधा तिथूनच जाते.

मांडणी : प्रत्येक फ्रेमच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापून त्यावर हुकाची जागा खुणावी आणि मास्किंग टेपने भिंतीवर चिकटवून दोन दिवस पाहावे. सर्वांत मोठे चित्र मधोमध न ठेवता किंचित डावीकडे किंवा उजवीकडे घेतले तर असमान मांडणी जास्त जिवंत वाटते. समूहाचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ सेंमी, फ्रेममधले अंतर ५ ते ७ सेंमी. सोफ्यावर असेल तर पाठीपासून १५-२० सेंमी मोकळे आणि समूहाची रुंदी सोफ्याच्या दोन-तृतीयांश. अंतर सारखे असेल तर वेगवेगळ्या जाडीच्या, रंगांच्या फ्रेमही एकत्र नांदतात. सारख्या फ्रेम विकत घ्यायची गरज नसते.

एकट्या चित्राच्या हुकाची उंची अशी काढावी : मध्याची उंची, अधिक फ्रेमची अर्धी उंची, वजा ताणलेली तार वरच्या कडेपासून जितकी खाली येते ते अंतर. ५० सेंमी उंच फ्रेमची तार ६ सेंमी खाली येत असेल तर १४५ + २५ − ६ = १६४ सेंमी. तार बोटाने ताणून मोजावी. सैल मोजली की चित्र खाली उतरते. रुंद किंवा जड फ्रेमला दोन हूक द्यावेत, म्हणजे ती तिरकी होत नाही.

फ्रेमिंग : काच चित्राला टेकता कामा नये. पावसाळ्यात फोटोचा थर काचेला चिकटतो आणि सोडवताना फाटतो, म्हणून मध्ये आम्लमुक्त माउंट (चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा) किंवा कडेने पट्टी हवी. मागचा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला पत्रा) ओलीने फुगतो. खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या ४-५ मिमी गोट्या लावल्या की मागून हवा खेळते, भिंतीवर काळा डाग पडत नाही. जुना ओलिओग्राफ ओल्या फडक्याने पुसू नये, मूळ फ्रेममधून ओढून काढू नये, आणि घरातला एकुलता जुना फोटो असेल तर प्रत भिंतीवर लावून मूळ कपाटात ठेवावा. पुराच्या पाण्याचा अनुभव असलेल्या विश्वामित्री नदीकाठच्या तळमजल्यावर तर हे पाळावेच.

दसऱ्याच्या साफसफाईत प्रत्येक फ्रेम उतरवून मागची बाजू तपासावी. कसरीने कागद खरवडल्याच्या खुणा किंवा वाळवीची मातीची रेघ दिसली तर ती फ्रेम लगेच बाकीच्यांपासून वेगळी करावी.