जुन्या मोटारींतील सीटबदल (नागपूर)

अँबेसेडर, फियाट-पद्मिनी, स्टँडर्ड हेरल्ड अशा जुन्या मोटारींतली मूळ स्प्रिंगची सीट काढून तिथे अलीकडच्या गाडीची फोमची, डोकेटेकू असलेली सीट बसवण्याचे काम. नागपुरात जुन्या गाड्या हौसेने पाळणाऱ्यांना कधी ना कधी हा प्रश्न पडतोच. काम गादीवाल्याकडे सुरू होते आणि वेल्डरकडे जाऊन अडते. कारण नवी सीट कशी दिसेल यापेक्षा ती ज्या पत्र्यावर बसणार तो पत्रा किती उरला आहे, यावर सगळे ठरते.

उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५८ ते २०१४ निघालेली अँबेसेडर मुळात मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका, तर कुर्ल्याची पद्मिनी म्हणजे फियाट ११०० डी. दोन्हींत वर्षानुवर्षे गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर होता. मधली जागा मोकळी राहिल्याने पुढे एकच लांब, बाकासारखी सीट देता आली आणि तिच्यावर बिनबोभाट तिघे मावत. आत लोखंडी चौकट, तिच्यावर स्प्रिंगा, मग गोणपाट, काथ्या, कापूस आणि वर रेग्झिन. बसायला ही गादी सोफ्यासारखी. पण चालकाच्या बाजूच्या स्प्रिंगा आधी दबतात आणि काही वर्षांनी चालवणारा खड्ड्यात, शेजारचा उंचावर असा प्रकार होतो. पाठ खांद्यापर्यंतही पोचत नाही. मागून धडक बसली तर मानेला आधार काहीच नाही. व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांचा तीन टोकांचा पट्टा (सीटबेल्ट) १९५९ चा, अमेरिकेत मोटारींना डोकेटेकू सक्तीचा झाला १ जानेवारी १९६९ पासून. या गाड्यांची आखणी त्याआधीची. हेरल्डचे तेवढे वेगळे. तिला पुढे मुळातच दोन सुट्या सीटा आणि खाली स्वतंत्र सांगाडा.

नागपूरकरांच्या डोळ्यांपुढची लांब सीट मात्र पांढऱ्या टॉवेलासकट येते. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाइन्स आणि रवी भवनच्या आवारात उभ्या असणाऱ्या पांढऱ्या अँबेसेडर ज्यांनी पाहिल्या, त्यांना सीटबदल हा किंचित अधर्मच वाटतो. कंपनीने स्वतः मात्र तो अधर्म केलेला आहे. १९९० च्या दशकात इसुझु इंजिनाच्या १८०० आयएसझेड अँबेसेडरला सुट्या बकेट सीटा मिळत होत्या.

सीट निवडताना इथल्या उन्हाचाही विचार करावा लागतो. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंशांची नोंद झाली. अशा दुपारी झाडाखाली नसलेल्या गाडीचे काळे रेग्झिन चड्डी घातलेल्या पोराला लगेच उठवते. म्हणून सीटवर दुपट्टा टाकण्याची रीत. काथ्याच्या गादीतून निदान हवा खेळते. बंद फोमवर चढवलेले स्वस्त नकली चामडे पाठ भिजवून काढते. नव्या सीटा बसवणाऱ्याने कापडी घ्याव्यात, रंग फिका घ्यावा. दिसायला चामडे भारी असले तरी मे महिना त्याचा विचार करत नाही.

खरे काम लांब सीट बाहेर आली की सुरू होते. मॅट आणि खालचा नमदा उचलून चांगला मिस्त्री आधी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने तळपत्रा ठोकत जातो. खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत. भद्द आवाज आला तर खाली गंज, किंवा कुणीतरी पुट्टी भरून रंग मारलेला. तिथे लोहचुंबक धरला की तो चिकटत नाही, आणि मालकाचा चेहरा उतरतो. विदर्भाची कोरडी हवा पत्र्याला मानवते. मुंबई-कोकणाच्या खाऱ्या हवेतून आलेल्या गाडीत हे दुखणे जास्त सापडते. पण पावसाळ्यात दरवाज्याच्या रबरातून आत झिरपलेले पाणी नमद्यात महिनोन्‌महिने राहते, त्यामुळे नागपुरातच वाढलेली गाडीही तपासल्याशिवाय सोडू नये. अँबेसेडर आणि फियाटला वेगळी चासी नाही, तळ आणि बॉडी मिळूनच सांगाडा. तिथे ठिगळ लावणे म्हणजे गाडीच्या हाडाला हात घालणे.

सीट निवडताना पट्टी घेऊन कबाड्याकडे जावे. रुंदी, बैठकीची उंची आणि खालच्या चार बोल्टांची मापे, एवढे मोजायचे. आधुनिक गाडीत हे चार पाय बहुधा एका पातळीत नसतात: आतले मधल्या बोगद्याला (तळाच्या मधोमध पुढून मागे जाणाऱ्या उंचवट्याला), बाहेरचे दरवाज्याकडच्या उंचवट्याला धरलेले. तीच सीट जुन्या तळावर ठेवली की कलते. शिवाय नवा फोम दबत नाही, म्हणून कागदावर तेवढीच उंच असलेली सीट प्रत्यक्षात चालकाला वर उचलते. डोके छताला, मांड्या स्टिअरिंगच्या मोठ्या चाकाला. वॅगन-आरसारख्या उंच गाडीची खुर्चीवजा सीट म्हणूनच इथे फारशी उपयोगाची नाही. चालकाने चप्पल-बूट घालून, क्लच पूर्ण दाबून बसून पाहिल्याशिवाय एकही भोक पाडू नये.

मग अँगल किंवा चौकोनी पाइपची मधली चौकट बनते. ती खाली गाडीच्या जुन्या भोकांना आणि वर नव्या सीटच्या रुळांना जुळते. गोम रुळांत आहे. चौकट केसभर पिळलेली असली तरी बोल्ट आवळताच रूळही पिळतात. सीट मागे सरकते, पुढे येत नाही. किंवा एका बाजूचे कुलूप लागते, दुसऱ्या बाजूचे दात अर्धेच बसतात. ब्रेक दाबल्यावर ते अर्धे दात सुटले तर चालक सीटसकट पुढे जातो. म्हणून आधी वेल्डिंगचे नुसते टाके मारून सीट दोन्ही टोकांपर्यंत सरकवायची, दोन्हीकडचे ‘टक्’ ऐकायचे आणि नंतरच पूर्ण वेल्डिंग. वेल्डिंगआधी बॅटरी सोडणे, पेट्रोलची नळी कुठून जाते ते गाडीखाली वाकून पाहणे आणि नमदा बाहेर काढणे, यात आळस करणाऱ्याकडे गाडी ठेवू नये.

जोराचा हिशेब साधा आहे. धडकेत २० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट, झटका बसला तर ७५ किलोचा माणूस पट्ट्याला १,५०० किलोच्या वजनाइतका ओढतो. बहुतेक आधुनिक सीटांमध्ये पट्ट्याचे बक्कल सीटलाच असते, म्हणजे त्यातला मोठा वाटा चार बोल्टांवर आणि त्यांच्या खालच्या पत्र्यावर येतो. नुसता वॉशर अशा वेळी पत्रा फाडून वर येतो. खालून तळहाताएवढी, तीनेक मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी, कडा घासून गोल केलेली, आणि बोल्ट किमान ८.८ दर्जाचा; डोक्यावर आकडा नसलेला बोल्ट फाटकासाठी ठेवावा. ज्या उघड्या छताच्या गाड्यांत पट्ट्याचे वरचे टोकही सीटच्या पाठीतच असते, त्यांच्या सीटा जुन्या तळावर बसवूच नयेत. इतर गाड्यांत वरच्या टोकासाठी दरवाज्यामधल्या खांबात आतून मजबुती द्यावी लागते. सीट उंचावली असेल तर कमरेचा पट्टा पोटावर चढत नाही ना, हेही पाहायचे. तो कमरेच्या हाडावरच बसला पाहिजे.

कबाड्याकडच्या नव्या सीटच्या कुशीत कधी कधी न फुटलेली एअरबॅग असते. खाली पिवळा जोड दिसला की तिथे मल्टिमीटर लावायचा नाही. आत स्फोटक आहे. विजेवर सरकणाऱ्या सीटा घेण्यात अर्थ नाही. जुना डायनॅमो गाडी उभी असताना हेडलाइटलाच पुरत नाही.

कायद्याची बाजू थोडी गुंतागुंतीची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून दूर जाईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितले. लांब सीटच्या जागी दोन सुट्या बसवल्या की पुढची एक जागा कमी होते, आणि आसनसंख्या आरसीवर लिहिलेली असते. त्यामुळे हत्यार उचलण्याआधी आरटीओत विचारणे शहाणपणाचे. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक आणि व्हिंटेज नोंदणी दिली, शुल्क २०,००० रुपये. त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी; चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. तळ कापून केलेला सीटबदल तिथे नडू शकतो. जुन्या भोकांवरच बसणारी, पाने लावून उतरवता येणारी चौकट त्यामानाने निर्धोक.

मधली वाटही आहे: मूळ चौकट ठेवून स्प्रिंगा नव्या घालायच्या, चालकाच्या बाजूला घट्ट फोम द्यायचा आणि वर जुन्याच धाटणीचे रेग्झिन, तीच पायपिंग. डोकेटेकू मिळत नाही, पण पाठ सुटते. गादीकाम करणाऱ्या जुन्या कारागिराला हे काम आवडते. काथ्या उपसताना हमखास चाराणे-आठाणे, केसांच्या पिना, एखादे बसचे तिकीट निघते, आणि ते तो एका वाटीत जपून ठेवतो. ज्यांनी सीट बदललीच, त्यांनी काढलेली लांब सीट कबाड्याला देऊ नये. ती माळ्यावर ठेवायची तर आधी प्लास्टिकच्या ताडपत्रीत बांधावी आणि दर पावसाळ्याआधी उघडून पाहावी. उंदरांना काथ्या फार आवडतो.