पाव : एक उच्चार, तीन कुळे

पाव : मराठीत एकसारखे लिहिले-बोलले जाणारे, पण एकमेकांशी रक्ताचे नाते नसलेले तीन शब्द. एक चौथा हिस्सा दाखवतो, दुसरा ‘पावणे’ या क्रियापदाचा धातू आहे आणि तिसरा बेकरीत मिळतो. ‘पाव डझन पाव द्या’ म्हटले की दुकानदार लादीतून तीन पाव तोडून हातावर ठेवतो. कुठला पाव कुठला, असे त्याला विचारावे लागत नाही.

हिश्श्याचा पाव संस्कृत ‘पाद’ शब्दातून आला. जनावराला पाय चार, म्हणून एक पाय म्हणजे चौथा भाग. श्लोकाच्या चार चरणांचा हिशेबही हाच. प्राकृतात ‘द’ गळला आणि ‘पाअ’ होऊन पुढे ‘पाव’ झाला. ‘सपाद’चा सव्वा झाला आणि ‘पादोन’, म्हणजे पावाने उणा, याचा पाऊण. पावणेदोन, पावणेआठ यांतले ‘पावणे’ हेच. जुन्या शाळेत पोरांकडून पावकी, निमकी, पाउणकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत. चार आण्यांची पावली नंतर 25 पैशांची झाली आणि 2011 च्या जूनअखेर चलनातूनच गेली, पण ‘त्याची पावली कमी आहे’ म्हणताना ती अजून उपयोगी पडते. शेर जाऊन किलो आला तरी ‘पावशेर’ टिकला. भाजीवाल्याकडे त्याचा अर्थ 250 ग्रॅम, गुत्त्यावर वेगळा. पाय या मूळ अर्थाने पाहिले तर सायकलच्या पेडलमधला लॅटिन ‘पेद’ हा या पादाचा दूरचा भाऊ लागतो.

क्रियापदाचा पाव ‘प्राप्’ धातूतून आला आहे. मिळणे, पोहोचणे हा त्याचा मूळ अर्थ. त्यातून देव नवसाला पावतो, माणूस मृत्यू पावतो आणि पैसे पावल्याची पावती फाटते. ‘पोचपावती’ या शब्दात पोहोचणे आणि पावणे दोन्ही आहेत. सरकारी कागदाला एकदा पोहोचून भागत नसावे.

खायच्या पावाची गोष्ट मात्र लांबची. लॅटिनमध्ये रोटीला ‘पानिस’ म्हणत. स्पॅनिशमध्ये त्याचे ‘पान’ झाले, इटालियनमध्ये ‘पाने’. पोर्तुगिजांनी मधला ‘न’ गिळून त्याचा नुसता नाकातला सूर ठेवला, म्हणून त्यांचा उच्चार साधारण ‘पाँउ’ असा. 1510 मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला आणि हा शब्द कोकणीत, मराठीत उतरला. गोव्यात पाव भाजणाऱ्याला आजही ‘पोदेर’ म्हणतात. तोही पोर्तुगीज ‘पादेइरु’.

पावाच्या नावाबद्दल दोन लोकप्रिय समजुती आहेत. पीठ पायांनी तुडवतात म्हणून पाव, ही एक; चार जोडलेल्या तुकड्यांतला एक म्हणून पाव, ही दुसरी. दोन्ही ऐकायला गोड, पण टिकत नाहीत. बंगालीत चौथ्या हिश्श्याला ‘पोया’ म्हणतात आणि या पदार्थाला ‘पाँउरुटी’. गुजरातीत हिस्सा ‘पा’, पदार्थ ‘पाउं’. म्हणजे शेजारच्या भाषांत हे दोन शब्द वेगळे ऐकू येतात आणि पोर्तुगीज अनुनासिकही तिथे शाबूत आहे. मराठीने ‘नांव’, ‘गांव’ यांतला नाकातला सूर सोडला तसा याचाही सोडला, आणि दोन पाव एकमेकांसारखे दिसू लागले. सगळा घोटाळा तिथला.

या पदार्थाशी बाटण्याची भीती दीर्घकाळ चिकटलेली होती. विहिरीत पाव टाकला, गावाने ते पाणी प्यायले आणि गाव बाटले, अशा गोष्टी वसई-गोव्याकडे सांगितल्या जातात. आज त्याच मुलखात सकाळी पाव आला नाही तर घरात कुरकुर होते.

पोर्तुगीज जहाजांबरोबर हा शब्द पूर्वेलाही गेला. श्रीलंकेत सिंहली माणूस दुकानात ‘पान्’ मागतो तेव्हा त्याला विडा नको असतो. 1543 मध्ये पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचले. जपानी भाषेत पावाला ‘पान’ म्हणतात, आणि जपान्यांकडून तो शब्द कोरियनमध्ये ‘प्पांग’ होऊन गेला. आंबवण्याची युक्ती दोन्हीकडे सारखीच निघाली, ही गंमत. गोव्यात पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, वापरत. तोक्योच्या किमुराया बेकरीने 1874 मध्ये गोड डाळीचे सारण भरलेला ‘अन्पान’ काढला, तो तांदळाच्या साके दारूच्या किण्वाने फुगवलेला होता.

याच ‘पानिस’पासून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कोम्पानियो’ झाला : एका रोटीत वाटा घेणारा सोबती. त्यातून फ्रेंच-इंग्रजीमार्गे ‘कंपनी’ आपल्याकडे आली, म्हणजे कंपनी सरकारच्या नावातही पाव होता. चिनी ‘बाओ’ मात्र या घराण्यातला नाही. वाफवलेला तो गुबगुबीत गोळा पाहून आणि नाव ऐकून पुष्कळांना तसे वाटते, पण ‘बाओ’चा अर्थ गुंडाळणे, आत सारण गुंडाळलेले म्हणून ते नाव.